नाक्सोसला जाताय? ग्रीसच्या एकाच बेटावर आठ रात्री राहण्याची तयारी

पहिल्या ग्रीस सहलीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवला, तर बंदरावर, सुटकेसवर बसून. सात दिवसांत चार बेटं, असा बेत मीच मोठ्या हौसेने आखला होता. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, बोटी बंद झाल्या, पुढच्या हॉटेलचे पैसे बुडाले आणि नवऱ्याने "तुझी ती एक्सेल शीट कुठाय गं?" असं विचारलं. तो प्रश्न मला अजून टोचतो.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी सासूबाई बरोबर होत्या. पूर्ण शाकाहारी, गुडघे कुरकुरणारे आणि बोलायला एकदम रोखठोक. म्हणून एकच बेट घेतलं, नाक्सोस, आणि आठ रात्री तिथून मुक्काम हलवला नाही. पहिल्या फेरीत चुकलेलं आणि दुसऱ्या फेरीत जमलेलं असं दोन्ही खाली क्रमाने लिहिते आहे.

१. आधी बेट ठरवा, आणि एकच ठरवा

ग्रीसच्या बेटांचे अनेक समूह आहेत. आपल्याला फोटोंतून माहीत असलेली पांढरी घरं आणि निळी दारं सिक्लाडीस समूहातली. सांतोरिनी, मिकोनोस, पारोस, नाक्सोस ही सगळी त्यातलीच. नाक्सोस या समूहातलं सर्वांत मोठं बेट, साधारण ४३० चौरस किलोमीटर.

सांतोरिनी सुंदर आहे, वाद नाही. ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर वसलेली गावं पाहून कुणीही गप्प होतं. पण तिथले बरेच किनारे काळ्या वाळूचे आणि गोट्यांचे, गावं पायऱ्यापायऱ्यांची आणि दृश्य दिसणाऱ्या खोलीचं भाडं अंगावर येणारं. नाक्सोसची पश्चिम किनारपट्टी मात्र मऊ, फिकट वाळूची आहे, आणि बेटाच्या पोटात डोंगर, ऑलिव्हच्या बागा, गाई आणि बटाट्याची शेतं आहेत. नुसत्या पर्यटकांवर जगणारं हे बेट नाही. ताटात पडणारं चीज, बटाटा, मटण तिथलंच असतं, ते यामुळे.

सांतोरिनी बघायचंच असेल तर नाक्सोसहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सामान मात्र नाक्सोसलाच ठेवा.

२. महिना निवडताना वाऱ्याचा विचार करा

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा, यांतला काळ घ्या. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि हवाही तेव्हा छान असते, पण समुद्राचं पाणी चांगलंच गार असतं. आपल्याकडचं कोमट पाणी डोक्यात ठेवून उडी मारलीत तर किंचाळाल. पाण्यात डुंबायचं असेल तर सप्टेंबर उत्तम, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र लवकर गार होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि वारा असा की किनाऱ्यावर वाळू पिंडऱ्यांना टोचते. वाऱ्याचा जोर साधारण ८ बोफर्टच्या (हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) घरात गेला, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वर, की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात. लहान वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. आमची पहिली सहल बुडवली ती या वाऱ्यानेच.

१५ ऑगस्टच्या आसपास तर जाऊच नका. मेरीमातेचा मोठा सण असतो, अख्खा ग्रीस आपापल्या बेटावर जातो, बोटींत जागा मिळत नाही. नोव्हेंबर ते मार्च उलट टोक. बरीचशी हॉटेलं आणि खानावळी बंद असतात.

३. व्हिसा आणि कागद

ग्रीस शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. शेंगेनचा व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. ग्रीसच्या तारखा लवकर मिळतात म्हणून अर्ज तिकडे करायचा आणि आठवडाभर पॅरिसला राहायचं, असला शहाणपणा करू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात अडीच-तीन महिने हातात ठेवा, कारण उन्हाळ्यात व्हिसा केंद्राची वेळ मिळणंच अवघड असतं. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

आम्ही जोडलेले कागद:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही सोबत
- ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, पूर्ण मुक्कामाचा
- बँकेचे सही-शिक्क्याचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र (सासूबाईंसाठी पेन्शनचे कागद)
- विमानाचं आणि बोटीचं आरक्षण, राहण्याचं आरक्षण
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं, प्रामाणिक पत्र: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार

अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून खात्यात मोठी रक्कम भरून घेऊ नका. खातेउतारा पाहणाऱ्याला ती पहिल्या नजरेत दिसते. बोट आणि हॉटेल रद्द करता येईल अशाच अटींवर घ्या. आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला जातीने जावं लागतं. पाच वर्षांच्या आत आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर सूट मिळू शकते.

सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत लागू झाली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेतात. रांग लांबते, म्हणून पुढचं देशांतर्गत विमान किंवा बोट घेताना मध्ये भरपूर वेळ सोडा.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. अर्जाला व्हिसाची प्रतही लागते, त्यामुळे व्हिसा हातात पडल्याबरोबर हे काम उरका. आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, चालून जाईल, असं म्हणणारे भेटतील. भाड्याच्या गाडीचा मालक चालवूनही घेईल. अपघात झाला की विमा कंपनी चालवून घेत नाही.

४. अथेन्सहून बेटापर्यंत

दोन रस्ते आहेत. छोट्या विमानाने अर्ध्यापाऊण तासात पोचता येतं, पण सामानाची मर्यादा कडक असते. दुसरा रस्ता पिरेआस बंदरातून बोटीचा. मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते, वेगवान बोट साडेतीनच्या आसपास. मी मोठीच बोट घ्या म्हणेन. डेकवर बसता येतं, हलत कमी असते, वाऱ्याला जास्त दाद देत नाही आणि तिकीटही स्वस्त.

विमानतळावरून पिरेआसला आता मेट्रोची निळी लाइन थेट जाते (विमानतळाचं तिकीट शहरातल्या तिकिटापेक्षा वेगळं, ९ युरो). रात्री-बेरात्री पोचलात तर एक्स-९६ क्रमांकाची बस चोवीस तास असते. मेट्रोत खिसेकापू आहेत. आपल्या लोकलमध्ये जशी बॅग पुढे घेता तशी घ्या, विषय संपला.

पिरेआस अवाढव्य आहे. बोटीच्या धक्क्याचा दरवाजा क्रमांक तिकिटावर किंवा बोटीच्या संदेशात येतो. तो बघूनच टॅक्सीवाल्याला सांगा, नाहीतर सामान ओढत दोन किलोमीटर चालाल. बोटीत शिरल्यावर खालच्या मजल्यावर सामानाचे रकाने असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. नाक्सोसच्याच रकान्यात बॅग ठेवा. उतरताना बोट जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की लगेच खाली जा. बहुतेक बोटी आधी पारोसला लागतात, तिथे घाईने उतरणारे आपले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

५. राहायचं कुठे, फिरायचं कसं

मुख्य गावाला तिथे सगळे होरा म्हणतात. बंदर, बसस्थानक, बाजार सगळं तिथेच. म्हातारी माणसं बरोबर असतील तर होराच्या सपाट भागात, एगियोस येओर्गियोस किनाऱ्याजवळ खोली घ्या. किल्ल्याजवळची घरं फोटोत गोड दिसतात, पण सामान पायऱ्यांवरून न्यावं लागतं. पोरांना घेऊन नुसतं समुद्रावर पडून राहायचं असेल तर एगियोस प्रोकोपियोस किंवा एगिया आना.

खोलीच्या भाड्याखेरीज एक सरकारी कर प्रत्येक रात्रीमागे तिथे गेल्यावर भरावा लागतो, हॉटेलच्या दर्जानुसार. ऑनलाइन आरक्षणात तो धरलेला नसतो. फसवणूक समजून वाद घालू नका. अजून एक, आधीच सांगून ठेवते: संडासात कागद टाकायचा नसतो, नळ्या अरुंद आहेत. शेजारच्या डब्यात टाकायचा. जेट नसतो. आम्ही घरून छोटा प्लास्टिकचा टमरेल नेला होता आणि तो सगळ्या सामानातली सर्वांत उपयोगी वस्तू ठरला.

किनाऱ्यांवर जायला बस पुरते. उन्हाळ्यात होरा ते प्लाका किनारा अशा फेऱ्या सारख्या असतात. तिकीट बंदराजवळच्या कार्यालयातून आधी घ्यायचं, गाडीत मिळेलच असं नाही. डोंगरातल्या गावांना फेऱ्या मोजक्या आणि रविवारी अजून कमी, म्हणून आम्ही फक्त दोन दिवस गाडी घेतली. गाडी उजवीकडून चालवायची, गिअर उजव्या हाताला. पहिला अर्धा तास नवरा प्रत्येक वळणाला वायपर सुरू करत होता. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या असतात, लवकर सांगून ठेवा.

चार चाकांच्या त्या मोटारबाइकी, ज्यांना तिथे सगळे क्वाड म्हणतात, त्या मात्र टाळा. वळणाच्या उताराच्या रस्त्यावर त्या उलटतात, आणि अनेक प्रवास विम्यांत त्यांवरचा अपघात बसत नाही. आपल्या विम्याची बारीक अक्षरं वाचा.

६. किनारे: कोणता कुणासाठी

कोकणात वाढलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो भरती-ओहोटीचा. ती जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे पाणी, संध्याकाळी तिथेच. ओहोटीला किती वाजता जायचं, हा प्रश्नच उद्भवत नाही. पाणी इतकं नितळ की गळाभर पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसतात. दुसरा धक्का खारटपणाचा. डोळ्यांत गेलं की कळतं.

एगियोस येओर्गियोस गावाला लागूनच आहे. बरंच आत गेलं तरी पाणी कमरेइतकं. लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं यांच्यासाठी हाच. सासूबाई इथेच साडी गुडघ्यापर्यंत घेऊन रोज तासभर पाण्यात चालायच्या. तिसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरायचे थांबले असं त्यांचं म्हणणं.

एगियोस प्रोकोपियोसची वाळू जाडसर, अंगाला न चिकटणारी, आणि पाणी लवकर खोल होतं. तिथून एगिया आना ओलांडलं की प्लाका सुरू होतो, जवळपास चार किलोमीटर सलग. मला विचाराल तर नाक्सोसचा खरा किनारा हाच. मागे वाळूच्या टेकड्या, समोर पारोस बेटाची रेघ. काही निवांत भागांत लोक विवस्त्र पहुडलेले असतात. कुणी कुणाकडे पाहत नाही. तुम्हीही पाहू नका आणि कॅमेरा खाली ठेवा. सासूबाईंनी एकदा पाहिलं, "थंडी कशी वाजत नाही यांना" एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मिक्री विग्लाला वाऱ्याची माणसं जातात, पतंगावर लटकून पाण्यावर धावणारी. त्याच्या पुढे आलिकोला झुडपांच्या रानामागे लपलेल्या छोट्या खाड्या आहेत. तिथे छत्री नाही, पाणी नाही, काही नाही. सगळं बरोबर न्या.

छत्री आणि खुर्चीचं भाडं पहिल्या रांगेत महाग असतं. काही खानावळी मात्र जेवण घेणाऱ्यांना खुर्च्या फुकट देतात, बसण्याआधी विचारा. आपला टॉवेल टाकून बसायचा हक्क सगळ्यांना आहे. २०२३च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोसमध्ये लोक याच हक्कासाठी टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले होते. खडकाळ जागी काळे काटेरी समुद्री अर्चिन असतात, त्यांचे काटे पायात मोडतात. रबरी चपला घाला.

७. खाणं: शाकाहारींनी घाबरू नये, पण विचारून खावं

सासूबाईंनी डाळ-तांदूळ, छोटा कुकर आणि दोन किलो ठेपले बरोबर घेतले होते. ठेपले संपले. कुकर एकदाही उघडला नाही.

कारण असं की ग्रीकांच्या घरातलं रोजचं जेवण खूपसं भाज्यांचं आहे. ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांना ते लादेरा म्हणतात. फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतली फरसबी. ब्रियाम म्हणजे वांगं, बटाटा, झुकिनी भाजून केलेली मिसळ भाजी. बामिएस म्हणजे चक्क भेंडी. ("भेंडीत एवढा टोमॅटो?" असं म्हणून त्यांनी दोनदा मागवली.) फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेल. यिगांदेस हे डबल बीसारखे मोठे पांढरे दाणे, टोमॅटोत भाजलेले. होर्ता म्हणजे उकडलेला रानपाला. कोलोकिथोकेफ्तेदेस नावाला घाबरू नका, झुकिनीची भजी आहेत ती. आणि बटाटे! नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे. तिथे नुसते तळलेले बटाटे मागवा, मग कळेल.

आता फसण्याच्या जागा.

यमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, कधी नसतो. बिनखिम्याच्याला तिथे ओर्फाना म्हणतात, म्हणजे अनाथ! तो शब्द वापरला की वेटर खूश होतो. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेल्या दोल्मादाकियाचंही तसंच. सूप आणि कडधान्यात मटणाचं पाणी आहे का, विचारा. "होरिस क्रेआस", मांसाशिवाय, एवढं म्हणता आलं तरी बरंच काम होतं.

निस्तीसिमा हा शब्द शिकून ठेवा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासाचं खाणं: मांस, दूध, अंडी काही नाही. व्हीगन माणसाला वरदान वाटेल. पण त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात! त्यामुळे नुसतं निस्तीसिमा ऐकून निर्धास्त होऊ नका.

चीजचा मुद्दा कट्टर शाकाहाऱ्यांसाठी. नाक्सोसचं ग्राविएरा मुख्यतः गाईच्या दुधाचं, किंचित गोडसर, युरोपात नाव राखीव असलेलं चीज आहे. पण अशा पारंपरिक चीजमध्ये दूध जमवायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. चालत नसेल तर दह्याकडे वळा. तिथलं घट्ट दही म्हणजे आपला चक्काच. त्यावर रानओव्याच्या फुलांचा मध आणि अक्रोड घालून देतात. सासूबाईंनी पहिल्या घासाला वेलची मागितली.

मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं की अख्ख्या माशाचा भाव मेनूवर किलोचा लिहिलेला असतो. पन्नास-साठ आकडा पाहून ती एका ताटाची किंमत समजू नका, आणि स्वस्त वाटला म्हणून न विचारता मागवूही नका. मासा समोर वजन करून घ्यायचा, रक्कम विचारायची, मग होकार द्यायचा. गोठवलेल्या मालावर मेनूत चांदणी किंवा बारीक खूण असते. स्वस्तात मस्त हवं तर गाव्रोस मागवा. आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, तसाच पीठ लावून कुरकुरीत तळलेला, काट्यासकट खायचा. दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस निखाऱ्यावर भाजून देतात, नवऱ्याने तो चार दिवस खाल्ला.

पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात, ही तिथली रीत आहे. बिलाची छापील पावती मिळाली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही, अशी पाटी प्रत्येक खानावळीत असते. जेवायची वेळ रात्री नऊनंतर. जूनमध्ये सूर्यच पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातला जाल तर एकटेच बसाल.

आणि आपल्या कानांची एक गंमत. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो, आणि "ओही" म्हणजे नाही. "अजून बटाटे?" असं वेटरने विचारलं की सासूबाई "नको ने" म्हणायच्या. बटाटे यायचे.

८. काय पाहायचं

पोर्तारा बंदरातूनच दिसतो. छोट्या टेकडीवर एकटाच उभा संगमरवरी दरवाजा, सुमारे सहा मीटर उंच. इ.स.पू. ५३०च्या सुमारास तिथला हुकूमशहा लिग्दामिस याने अपोलोचं मोठं देऊळ बांधायला घेतलं. त्याची सत्ता गेली आणि देऊळ अर्धवट राहिलं. नंतर व्हेनिसच्या लोकांनी किल्ला बांधायला देवळाचे दगड नेले, पण चौकटीचे दगड हलेनात, म्हणून तेवढं दार उरलं. सूर्यास्ताला सगळं गाव तिथे लोटतं. तुम्ही सकाळी सातला जा. वारा, समुद्र आणि तुम्ही. जोरात वारा असेल तेव्हा तिथे जाणाऱ्या वाटेवर लाटा उडतात, मोबाइल खिशात ठेवा.

कास्त्रो म्हणजे तो व्हेनिसवाल्यांचा किल्ला. १२०७ मध्ये मार्को सानुदोने बेट घेतलं आणि वर हा कोट उभारला. आतल्या बोळांत नकाशा कामाचा नाही. चुकायचं, खाली उतरत राहायचं, कधीतरी बाजार लागतोच.

आता गाडीचे दोन दिवस. पहिल्या दिवशी सांग्री, हाल्की, फिलोती. सांग्रीजवळ शेतांच्या मधोमध दिमित्रा या धान्यदेवतेचं संगमरवरी देऊळ आहे, तेही सहाव्या शतकातलं, इसवी सनापूर्वीचं. मागे त्याचं चर्च झालं होतं, आता सापडलेले तुकडे जोडून पुन्हा उभं केलंय. शहरातल्या भव्य अवशेषांपेक्षा मला हे जास्त भावलं. देवी धान्याची आणि भोवती अजून शेती चालू.

हाल्कीत १८९६ पासून चालत आलेली एक भट्टी आहे, तिथे कित्रोन नावाचं मद्य काढतात. हिरवं, पिवळं आणि पांढरं. हिरवं सर्वांत गोड, पिवळं सर्वांत कडक. चव बघायला देतात. हे ज्या झाडाच्या पानांपासून होतं ते झाड अंगणात दिसलं आणि सासूबाई थबकल्या. "अगं, हे तर महाळुंग!" खरंच होतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. मद्याला त्या शिवल्या नाहीत, पण तिथेच मिळणारा महाळुंगाच्या सालीचा मुरंबा त्यांनी दोन बरण्या घेतला.

जवळच मोनी गावाच्या वाटेवर पानायिया द्रोसियानी हे दगडी, ओबडधोबड, बुटकं चर्च आहे. आतली भित्तिचित्रं सातव्या शतकाच्या आसपासची. आत फोटो काढू नका, खांदे झाकून जा.

चालणाऱ्यांसाठी फिलोतीवरचा झास डोंगर आहे, झ्यूस देवाचा. हजार मीटरच्या थोडा वर, सिक्लाडीसमधला सर्वांत उंच. एगिया मरिना चॅपलकडून चढलात तर वाट सोपी. सह्याद्रीत फिरलेल्यांना चढ काहीच वाटणार नाही, पण सावली शून्य आणि वाटेत टपरीही नाही. सकाळी लवकर निघा, माणशी दोन लिटर पाणी.

दुसऱ्या दिवशी आपिरांथोस आणि आपोलोनास. आपिरांथोसचे रस्तेसुद्धा संगमरवराचे, त्यामुळे सपाट तळाच्या चपला घसरतात. मानोलिस ग्लेझोस या गावचे. ३० मे १९४१ च्या रात्री त्यांनी आणि आपोस्तोलोस सान्तास यांनी अथेन्सच्या आक्रोपोलिस या टेकडीवरच्या प्राचीन किल्ल्यावरचा नाझी झेंडा उतरवला होता. याच भागातल्या खाणींतून एमरी निघते, आपल्या पॉलिशपेपरवर असते ती. माल बंदरावर नेणाऱ्या जुन्या रोपवेचे खांब मुत्सुनाकडे उतरताना डोंगरभर दिसतात.

आपोलोनासला खाणीत, जिथे कोरला तिथेच, एक अर्धवट पुतळा आडवा पडलेला आहे. दहा मीटरहून लांब, अडीच हजारांहून जास्त वर्षं जुना. दाढी आहे म्हणून तो दिओनिसोस देवाचा असावा असं मानतात. तिकीट नाही, कुंपण नाही. वळणं खूप आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

उन्हाळ्यात एक दिवस देलोससाठी काढा. मिकोनोसजवळचं हे बेट म्हणजे अपोलोचं जन्मस्थान, आता फक्त अवशेष, कुणी राहू शकत नाही. तिथले प्रसिद्ध संगमरवरी सिंह नाक्सोसकरांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास अर्पण केलेले. उघड्यावर आहेत त्या प्रती, मूळचे तिथल्या संग्रहालयात. झाड नाही, सावली नाही, टोपी विसरू नका.

९. पैसे, आणि परतीचा दिवस

कार्ड सगळीकडे चालतं. मशीन "रुपयांत घेऊ का?" असं विचारेल, तिथे नेहमी युरो निवडा. रुपयांचा दर त्यांचा असतो आणि तो महागच असतो. पर्यटक भागातली सुटी एटीएम मोठं शुल्क लावतात, बँकेच्या दाराशी असलेलं शोधा. तातडीचा फोन ११२.

बेटावरून निघायचा दिवस आणि भारताचं विमान एकाच तारखेला कधीही ठेवू नका. किमान एक रात्र अथेन्समध्ये. वारा सुटला तर तीच रात्र तुम्हाला वाचवेल, नाही सुटला तर आक्रोपोलिस बघून होईल.

कित्रोनची बाटली घेतली असेल तर ती मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. मध, मुरंबा, दही यांनाही विमानात द्रव समजतात हे आम्हाला तपासणीच्या रांगेत कळलं. महाळुंगाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या हातातल्या पिशवीत होत्या. एक तिथे सोडावी लागली. दुसरी सासूबाईंनी रांगेतून बाहेर येऊन, बाकावर बसून, ठेपल्यांच्या पिशवीतल्या चमच्याने आमच्या तिघांत संपवली.